केबिनमधलं प्लास्टिक चिकटवण्याआधी ते का तुटलं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या एका गृहस्थांकडे २२ फुटी, छोट्या केबिनची फायबरची जुनी बोट आहे. ती गोव्यात मांडवीत असते, पावसाळ्यात काठावर काढून झाकून ठेवतात. केबिनच्या खिडकीभोवतीची प्लास्टिकची चौकट तीन जागी तडकली आहे. छताच्या सव्वा मीटर लांबीच्या पॅनलचे स्क्रू बसवायचे चार कान मोडलेत आणि लॉकरच्या झाकणाची चौकट कोपऱ्यात फाटली आहे. फेविक्विक आणि एम-सीलने केलेली जोडणी दोन महिन्यांत सुटली. बोट इतकी जुनी की सुटे भाग मिळत नाहीत. सगळे तुकडे आता बेळगावात घरी आणून ठेवलेत. इथं दुरुस्त होतील का, आणि कशाने?

होतील, आणि घरी आणलेत हे चांगलं केलंत. केबिनमध्ये बसून हे काम करू नये. या कामाला लागणाऱ्या ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती केबिनच्या तळाशी साचून राहते आणि बिल्ज पंपाच्या (तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) स्विचची एक ठिणगी तिला पुरते. घराच्या व्हरांड्यात, वारा खेळत असेल अशा ठिकाणी फळी टाकून बसा.

पण "कशाने चिकटवू" हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, हे तुटलं कशानं? त्याचं उत्तर न शोधता कितीही महागडं गोंद लावलंत तरी तडा त्याच जागी, नाहीतर बोटभर बाजूला पुन्हा येणार. फेविक्विक सुटलं यात फेविक्विकचा दोष निम्माच आहे.

केबिनमधलं बहुतेक प्लास्टिक आघातानं तुटत नाही, ते बांधून ठेवल्यामुळं तुटतं. हिशेब बघा. एबीएस प्लास्टिकचा एक मीटरचा तुकडा दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०८ ते ०.०९ मिमी वाढतो. ज्यावर तो स्क्रूने बसवलाय ती फायबरची भिंत साधारण ०.०२५ ते ०.०३ मिमी. एप्रिलमध्ये पहाटेपासून दुपारपर्यंत बंद केबिन ३० अंशांनी सहज तापते. म्हणजे मीटरभर प्लास्टिक अडीच मिमी पसरू बघतं आणि भिंत पाऊण-एक मिमीच पसरते. मधल्या दीड-पावणेदोन मिमीला जायला जागा हवी. तुमच्या सव्वा मीटरच्या पॅनलला तर दोन मिमीहून जास्त. भोकं स्क्रूच्या मापाचीच असतील तर पॅनल रोज दुपारी स्क्रूंना रेटतं, रोज रात्री ओढतं. कान तेवढे मोडले आणि पॅनल मधून फाटलं नाही, हेच नशीब.

दुसरं कारण स्क्रूचं डोकं. खाली निमुळतं होत जाणारं, म्हणजे काउंटरसंक डोकं प्लास्टिकमध्ये पाचरीसारखं घुसतं. जितकं आवळाल तितकं भोक फाकतं. तडे भोकापासून सुरू होऊन ताऱ्यासारखे पसरले असतील तर हेच कारण समजा.

तिसरं कारण दिसत नाही, ते पॅनलच्या मागं असतं. खिडकीतून पाणी झिरपून मागचं प्लायवूड कुजतं, स्क्रू धरेनासा होतो, मग कुणीतरी जास्त जाड स्क्रू ठोकतो आणि प्लास्टिक फाटतं. पुढच्या वेळी गोव्याला गेलात की चौकटीमागच्या प्लायवूडमध्ये स्क्रूच्या प्रत्येक भोकाशेजारी चांभाराची आर किंवा टोकदार पेचकस टोचून बघा. सहज आत गेला, काळपट पाणी आलं, तर आधी गळती बंद करा. ते न करता चौकट दुरुस्त करणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

चौथं कारण रसायनं. एबीएसवर ताण असताना त्याला पेट्रोल, थिनर, काही तेलं लागली की बारीक केसासारखे तडे येतात. डासांसाठी अंगाला लावायची डीट असलेली मलमं याच जातीची; मलम लावलेला हात खिडकीच्या चौकटीवर ठेवून बसायची सवय असेल तर तिथं चकाकी जाऊन खडबडीत डाग पडलेला दिसेल. स्क्रू सुटू नयेत म्हणून आट्यांना लावतात तो निळा लॉकर द्रवही एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला फोडतो. प्लास्टिकच्या कामात तो वापरूच नका.

आता प्लास्टिक ओळखा. तुकडा उलटा करून मागच्या बाजूला उठावाची अक्षरं शोधा. एबीएस, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीव्हीसी असं काहीतरी > < अशा दोन कोनांच्या मध्ये लिहिलेलं असतं. जुन्या बोटीत पॅनल साच्यावर ओढून केलेलं असेल तर खूण नसतेही. मग पाण्याची परीक्षा घ्या. नखाएवढा कपचा लपलेल्या कडेवरून कापा, साबणाच्या पाण्यात बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटका आणि ग्लासात टाका. तरंगला तर पीपी किंवा पॉलिथिन. बुडाला तर एका लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. आता वर आला तर बहुधा एबीएस, तळाशीच राहिला तर पीव्हीसी किंवा ॲक्रिलिक. शेवटची खात्री ॲसिटोनच्या थेंबानं करायची: एबीएसवर थेंब टाकून अर्ध्या मिनिटानं बोट लावलं तर चिकट लागतं, पीपीवर काहीच होत नाही. जाळून बघायची पद्धतही आहे, पण पीव्हीसी जळताना निघणारी आम्लाची वाफ घशाला झोंबते. मीठ-पाण्यात काम भागतंय तर त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या वर्णनावरून खिडकीची चौकट आणि छताचं पॅनल एबीएस वाटतं, लॉकरची चौकट पीपी असावी. तसं असेल तर एम-सील लॉकरवरून पापुद्र्यासारखं सुटलं असेल आणि खिडकीवर ते धरून राहून शेजारी नवा तडा गेला असेल. हे तपासून बघा. दोघांचे उपाय वेगळे आहेत.

आणखी एक परीक्षा एबीएसची, ते जिवंत आहे का याची. धारदार चाकूनं कडेचा पातळ छिलका काढा. छिलका कुरळा होऊन आला तर ठीक. भुगा होऊन पडला तर ऊन लागून ते प्लास्टिक पापडासारखं झालंय. हा मेलेला थर बहुतेक वेळा वरवरचा, पाव-अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो घासून काढला की खाली चांगलं प्लास्टिक मिळतं. तीन-चार ठिकाणी खोलवर भुगाच आला तर त्या तुकड्यावर वेळ घालवू नका, त्याचा साचा म्हणून उपयोग करा. ते पुढं सांगतो.

धुताना आधी गोड्या पाण्यानं मीठ काढा, मग भांड्याचा साबण, मग कोरडं करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेट्रोल किंवा एनसी थिनर नको. जुना सिलिकॉन असेल तर तो आधी चाकूनं खरवडा. सिलिकॉनचा नुसता हात फिरलेल्या जागीही नंतर रंगाला डोळे, म्हणजे गोल खळगे पडतात, म्हणून सिलिकॉन काढलेली चिंधी दुसऱ्या कामाला घेऊ नका. बोटीवर अजून एखादी चौकट सिलिकॉननं चिकटलेली असेल तर तिला पटाशीनं उचकटू नका. गळाची तंगूस दोन्ही हातांनी करवतीसारखी ओढत मागून फिरवा. आणि थंडीत सकाळी प्लास्टिक काढायला जाऊ नका. केस वाळवायच्या ड्रायरनं हाताला सोसवेल इतकं गरम केलेलं एबीएस वाकतं, थंड असताना तेच मोडतं.

खिडकीची चौकट

साहित्य: अर्धा लिटर शुद्ध ॲसिटोन (नेलपॉलिश काढायचं नव्हे, त्यात पाणी आणि तेल असतं), त्याच प्लास्टिकचा २० ते ३० ग्रॅम भंगार, दीड-दोन मिमी जाडीचं एबीएस शीट हातभर, हॅक्सॉचं तुटकं पातं, २.५ मिमी ड्रिल, १२०, २२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, चिमटे. भंगारासाठी पॅनलची मागची लपलेली कड सगळ्यात चांगली, रंगही जुळतो. ती पुरत नसेल तर थ्रीडी प्रिंटरची एबीएस तार चालते. पीएलए तार चालत नाही, दुकानदार दोन्ही दाखवतो म्हणून विचारून घ्या.

आदल्या रात्री दोन काचेच्या बरण्यांत लगदा भिजत घाला. पातळ: १० ग्रॅम प्लास्टिकला ६० मिली ॲसिटोन. घट्ट: १० ग्रॅमला २५ मिली. प्लास्टिकचे जोंधळ्याएवढे तुकडे करा, सकाळपर्यंत विरघळतात. झाकण धातूचं असावं. चहाच्या पातळ प्लास्टिक कपात किंवा थर्माकोलवर ॲसिटोन ओतू नका, कपच विरघळून ओट्यावर येईल.

तडा नेमका कुठं संपतो ते डोळ्याला दिसत नाही. कपड्याच्या निळीचे दोन थेंब तड्यावर टाका, चौकट हलकेच वाकवा म्हणजे नीळ आत ओढली जाते, मग ओल्या फडक्यानं वरची पुसून टाका. तड्यात अडकलेली निळी रेघ डोळ्याला दिसतो त्यापेक्षा पाच-सात मिमी पुढं गेलेली बहुतेकदा आढळते. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, कास्टिंग तपासणाऱ्यांना हे नवीन नाही, ते लाल रंगानं हेच करतात. रेघेच्या टोकापुढं प्लास्टिक ताणानं पांढरट झालेलं असेल तर त्या पांढऱ्या डागाच्याही पुढं २.५ मिमीचं भोक पाडा. तड्याचं अणकुचीदार टोक गोल झालं की तो पुढं धावत नाही. हे भोक न पाडता वरून भरलेला तडा पुन्हा चालू लागतो; फसलेल्या दुरुस्त्यांमध्ये ही चूक सगळ्यात जास्त दिसते. भोक पाडल्यावर नीळ धुवून तुकडा पूर्ण वाळू द्या.

आता दर्शनी बाजूला तड्याच्या दोन्ही कडा बोटाला एकसारख्या लागतील अशा जुळवून मास्किंग टेप ताणून लावा. दोन थर, एक आडवा, एक उभा. चौकट उलटी करून फळीवर ठेवा. वाकडी झाली असेल तर गरम करून फळीवर चिमट्यांनी दाबून सरळ करा आणि गार होईपर्यंत तशीच ठेवा. ताणून जुळवलेला जोड टिकत नाही.

मागून हॅक्सॉच्या पात्यानं तड्याच्या रेघेवर इंग्रजी व्ही आकाराची चर कोरा. चौकट ३ मिमी जाड असेल तर चर २ मिमी खोल. आरपार जाऊ नका, दर्शनी बाजूचा एक मिमी तसाच राहू द्या, तोच दोन्ही कडा जुळवून धरतो. चरीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा १२० नंबरनं घासा.

पातळ लगदा आधी ब्रशनं चरीत सोडा. तो खालच्या तड्यात आपोआप ओढला जातो. पाच मिनिटांनी घट्ट लगदा, पण चर एका दमात भरू नका. कारण साधं आहे: घट्ट लगद्यातही दोन-तृतीयांशापेक्षा जास्त आकारमान ॲसिटोनचं असतं, ते उडून गेल्यावर भरलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी मागं उरतं. एकदम भरला तर वरून साय धरते, आत आठवडाभर मऊ राहतो, आणि अडकलेलं ॲसिटोन दर्शनी बाजू विरघळवून तिथं खळगा पाडतं. मिलिमीटरभर थर, सहा ते आठ तास वाळवण, पुन्हा थर. चर भरून किंचित वर येईपर्यंत असंच करत राहा.

एवढ्यानं तडा जुळतो, पण खिडकीच्या चौकटीला उघड-बंदचे हादरे बसतात, म्हणून मागून पट्टी हवीच. एबीएस शीटची २५ मिमी रुंद पट्टी कापा, तड्याच्या दोन्ही बाजूंना ३० मिमी जाईल एवढी लांब. चौकटीला वळण असेल तर पट्टी ड्रायरनं नव्हे, हीट गननं लांबून गरम करून आधी वळवून घ्या. मग दोन्हीकडं पातळ लगदा लावून बसवा आणि चिमट्यांनी धरा. फार आवळलंत तर सगळा लगदा बाहेर येतो. चिमट्याखाली पॉलिथिनचा तुकडा घालायला विसरू नका, नाहीतर चिमटाही चौकटीचा भाग होतो. उन्हाळ्यात ४८ तास, पावसाळ्यात ७२ तास हात लावू नका.

मागं फायबर कापड आणि अराल्डाइट (दोन नळ्यांतलं इपॉक्सी गोंद) का नाही, असं विचाराल. चालतं, पण एबीएसवर ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं आणि रोजच्या पसरण-आकसण्यात कडेपासून सुटत येतं. लगद्यानं लावलेली पट्टी त्याच प्लास्टिकमध्ये मिसळून एकजीव होते आणि त्याच्याबरोबरच पसरते. अराल्डाइट कुठं लागतं ते पुढं येईलच.

तुटका तुकडा हरवला असेल, कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक असेल, तर दर्शनी बाजूला टेप, मागून एबीएस शीटचा मापात कापलेला तुकडा आणि कडांना घट्ट लगदा. फेविक्विक आणि खायच्या सोड्यानं भरायची युक्ती हल्ली फार चालते. लहान खुंट्या, जाळीच्या काड्या यांना ती ठीक आहे. चौकटीच्या कोपऱ्यात मात्र तो भराव काचेसारखा कडक होतो आणि शेजारचं प्लास्टिक वाकताना कडेवरून सुटतो.

छताच्या पॅनलचे कान

मोडलेला कान परत त्याच जागी चिकटवू नका. जोडाला पकड मिळायला फक्त तीन मिमीची कड असते, आणि सगळा भार तिथंच येतो. राहिलेला खुंट कानशीनं साफ सपाट करा आणि ३ मिमी एबीएस शीटचा नवा कान करा, जो पॅनलच्या मागच्या बाजूला निदान २५ मिमी आत येऊन चिकटेल. म्हणजे पकड कडेची न राहता अंगठ्याएवढ्या क्षेत्राची होते. कान आणि पॅनल जिथं काटकोनात मिळतात तिथं आतल्या कोपऱ्यात घट्ट लगद्याची गोलाई भरा, करंगळीच्या टोकानं ओढून. तीक्ष्ण कोपरा हाच पुढच्या तड्याचा जन्म. करंगळीला नायट्राइल हातमोजा हवा, ॲसिटोन कातडी कोरडीठाक करतं.

भोकं हा या सगळ्या दुरुस्तीचा गाभा. ४ मिमी स्क्रूसाठी पॅनलच्या मधोमध येणारं एकच भोक ४.५ मिमीचं ठेवा. बाकी सगळी भोकं लांबट, ५ मिमी रुंद आणि ९ मिमी लांब, लांबी पॅनलच्या लांबीच्या दिशेनं. म्हणजे पॅनल मध्यात रोवलेलं राहतं आणि दोन्ही टोकांकडं मोकळेपणानं सरकतं. लांबट भोक पाडायला ५ मिमीची दोन भोकं ४ मिमी अंतरावर पाडून मधला भाग कानशीनं काढा. एबीएसला ड्रिल सावकाश चालवा, मागं लाकूड धरून. वेगात फिरवलं तर प्लास्टिक वितळून ड्रिलला गुंडाळतं आणि भोकाच्या कडेला ताण राहतो.

स्क्रू सपाट बुडाच्या डोक्याचे, म्हणजे पॅनहेड, स्टेनलेस. मिळाले तर ३१६ दर्जाचे. खाऱ्या हवेत ३०४ वर तपकिरी डाग येतात, पण केबिनच्या आत चालतात. खाली १२ मिमी रुंद नायलॉन वॉशर. घट्ट बसेपर्यंत फिरवा आणि मग पाव फेरा मागं. बॅटरीच्या ड्रिलनं आवळू नका, हातानं.

पॅनलच्या मागं स्क्रू घ्यायच्या नळीसारख्या खुंट्या असतील आणि त्यांतली एखादी उभी चिरली असेल, तर इथं अराल्डाइटचं काम. खुंटीवर सुती दोरा घट्ट गुंडाळा, दोन्ही नळ्यांतलं समसमान आकारमानाचं मिश्रण त्यात मुरवा. आतली आटी गेली असेल तर भोकात तेच मिश्रण थोडी टाल्कम पावडर घालून भरा आणि व्हॅसलीन चोपडलेला स्क्रू सरळ उभा करा. चोवीस तासांनी स्क्रू उलटा फिरवा, आटी तयार मिळते. जलद अराल्डाइट घेऊ नका, साधं घ्या. जलदवालं दुपारच्या तापलेल्या केबिनमध्ये मऊ पडतं.

भिंतीकडच्या प्लायवूडमधली सैल भोकंही याच वेळी बघा. ८ मिमी ड्रिलनं मोठी करा, वाळू द्या, पावडर घातलेलं इपॉक्सी भरा, आणि कडक झाल्यावर ४ मिमी स्क्रूसाठी ३ मिमीचं नवं भोक.

लॉकरची चौकट, पीपी असेल तर

पीपीला बाजारातलं नेहमीचं कुठलंही गोंद नीट धरत नाही. ॲसिटोनचाही उपयोग नाही. वेल्डिंग करा किंवा यांत्रिक जोड द्या. वेल्डिंगला पीपीचीच काडी लागते. त्रिकोणात ५ आकडा असलेल्या एखाद्या डब्याच्या जाड कडेवरून ३ मिमी रुंद पट्ट्या कापल्या तरी चालतात. टोकाला अरुंद नळी लावलेली हीट गन, हवेचं तापमान ३०० अंशांच्या आसपास. चर आणि काडी दोन्ही एकाच वेळी ओलसर चमकू लागल्या की काडी दाबत पुढं न्यायची. चमक येण्याआधी दाबलंत तर ते नुसतं चिकटल्यासारखं दिसतं आणि गार झाल्यावर नखानं उचलून येतं. धूर निघू लागला तर प्लास्टिक जळतंय, गन लांब घ्या. आधी भंगाराच्या दोन तुकड्यांवर हात बसवा आणि जोड वाकवून मोडून बघा. जोडाशेजारचं प्लास्टिक फाटायला हवं, जोड सुटायला नको.

गरम स्टेपल खुपसायचं यंत्र बंपरवाल्यांकडं असतं. गाड्यांचे बंपर दुरुस्त करणाऱ्यांना विचारा, बेळगावात अशी दुकानं शोधावी लागत नाहीत. कोपऱ्याच्या मागून नागमोडी तारा बसवून घेतल्या तर पकड चांगली येते, पण प्लास्टिक अडीच मिमीपेक्षा पातळ असेल तर तार दर्शनी बाजूला उमटते. तारा स्टेनलेसच्या आहेत याची खात्री करा, लोहचुंबकाला लगेच चिकटणाऱ्या नकोत. साध्या लोखंडी तारा वर्षभरात गंजून फुगतात आणि त्याच चौकट फोडतात.

खरं सांगायचं तर लॉकरसारख्या लपलेल्या चौकटीला मागून दोन मिमी जाड प्लास्टिक पट्टी आणि प्रत्येक बाजूला दोन-दोन नायलॉन रिव्हेट एवढं पुरतं. गाड्यांच्या दाराच्या पॅनलला लागणारी नायलॉन क्लिपं गाडीच्या सामानाच्या दुकानात मूठभर मिळतात. भोकाचं माप मोजून न्या.

पूर्ण नवा तुकडा करायचा तर

ज्या तुकड्याचा भुगा होतोय त्याला लगद्यानं आणि टेपनं आकारापुरता उभा करा. टिकाऊ नसला तरी चालेल, तो फक्त नमुना आहे. त्यावरून फायबरचा साचा आणि साच्यातून फायबरचा तुकडा निघतो. बेळगावचा एक फायदा इथं आहे. फाउंड्र्यांमुळं उद्यमबाग परिसरात लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने करणारे कारागीर आहेत, आणि हरवलेला कोपरा समोरच्या कोपऱ्यावरून उलटा करून घडवणं त्यांना जमतं. साच्यातून सुटायला दोन-तीन अंशांचा उतार लागतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. एक मात्र आवर्जून सांगा: हे बीड (ओतीव लोखंड) ओतायचं नाही. बिडासाठी ते सवयीनं मीटरला १० मिमीच्या आसपास जास्तीचं माप धरतात, त्यांची पट्टीच तशी असते. फायबरसाठी मूळ मापच हवं. एबीएस शीट तापवून साच्यावर ओढून घेणार असाल तर अर्धा टक्का जास्त, म्हणजे ६०० मिमीला ३ मिमी.

फायबरचं गणित: साच्याला मेणाचे चार हात, प्रत्येक हात वाळवून पुसून. जेलकोट, म्हणजे तुकड्याचा दर्शनी थर, अर्धा मिमी. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत काचतंतूंच्या मॅटचे (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) दोन थर. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन. हार्डनर दीड टक्का, किलोला साधारण १५ मिली. रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात तो कोबाल्टचा द्राव आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन घ्या, म्हणजे ती बाटली घरात आणावीच लागत नाही. फायबरच्या नव्या तुकड्याचा फायदा असा की तो बोटीच्या भिंतीइतकाच पसरतो, त्यामुळं लांबट भोकांची गरज फारशी उरत नाही.

रंग

जोडलेली चौकट २२० आणि मग ४०० नंबरनं पाणी लावून घासा. बारीक खड्डे भरायला एनसी पुटी नको, ती वाकणाऱ्या प्लास्टिकवर तडकते; हार्डनर घालायची, बंपरसाठीची लवचिक पुटी घ्या. वर प्लास्टिक प्रायमर, पीपीवर त्यासाठीचाच वेगळा प्रायमर, मग दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) मॅट रंग. पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला घातक असते आणि कापडी मास्कनं अडत नाही, म्हणून फवारणी गॅरेजवाल्याकडून करून घेतलेली बरी. रंग न देता सोडू नका. घासून उघडं पडलेलं एबीएस उन्हात दोन मोसमांत पुन्हा पापड होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये रंगाचं काम काढू नका. खानापूरकडच्या पावसात दोरीवरचे कपडे चार दिवस ओले राहतात, तिथं रंगावर पांढरी झाक यायला वेळ लागत नाही. लगद्यालाही तीच बाधा: ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि जोड दुधाळ होतो. थांबायला वेळ नसेल तर खोक्यात ६० वॅटचा तारेचा (एलईडी नव्हे) बल्ब लावून उबेत वाळवता येतं, पण ॲसिटोनचा वास पूर्ण गेल्यावरच. ओला लगदा बल्बच्या खोक्यात ठेवणं म्हणजे आग लावणं.

परत नेताना आणि बसवताना

छताचं पॅनल गाडीत आडवं, खाली गादी टाकून न्या. मागच्या काचेखाली उन्हात उभं टेकवून ठेवलं तर चोर्ला घाट उतरेपर्यंत त्याला कमानीसारखा बाक येतो, आणि तो बाक स्क्रूनं सरळ करायला गेलात की पहिले पाढे पंचावन्न.

चौकट सीलंटनं चिकटवू नका. पाणी अडवायचं काम खिडकीच्या मूळ फ्रेमचं, प्लास्टिकची चौकट फक्त शोभेची, ती पुन्हा काढता आली पाहिजे. खिडकीची फ्रेम नव्यानं बसवणार असाल आणि सीलंट प्लास्टिकला लागणार असेल तर पॉलिसल्फाइड टाळा, ते एबीएस आणि ॲक्रिलिकला खातं. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन चालतं; व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, त्याचं आम्ल स्क्रूंना लागतं. खडखडाट थांबवायला चौकटीच्या मागं दोन मिमी फोमची पट्टी लावा.

बसवून झाल्यावर पहिल्या कडक दुपारी, दोनच्या सुमारास, केबिन बंद असताना आत जाऊन प्रत्येक स्क्रूचं डोकं बघा. वॉशरभोवती प्लास्टिक दबून खळगा पडलेला किंवा पांढरट कडं उमटलेलं दिसलं, तर तो स्क्रू अजून पाव फेरा ढिला करा.